"मामा, लेकरांना चालेल का?"

२०२४ च्या मे महिन्यातील गोष्ट. लातूरला आमच्या थोरल्या बहिणीकडे आमरसाचे जेवण होते. सुट्टीचे दिवस असल्यामुळे भाचे, भाच्या, त्यांची लेकरे असा वीस-पंचवीस माणसांचा गोतावळा जमला होता. जेवणे उरकली, कूलर लागला, सतरंज्या अंथरल्या गेल्या आणि टीव्हीवर सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचे ठरले. सिनेमा भुताचा, पण हसवणारा. मोठी मुले आधीच आरडाओरडा करीत होती. तेवढ्यात नांदेडला दिलेली माझी भाची म्हणाली, "मामा, लेकरांना चालेल का हो हा?"

मी भिंतीला टेकून पेंगत होतो. डोळे न उघडताच म्हणालो, "न चालायला काय झालं? आम्ही नाही का बघितले?"

सिनेमा मी पाहिलेला नव्हता. समोर बसलेल्या लेकरांची वये किती, हेही मी विचारले नाही. रुग्णाला न तपासता, त्याचे वय न विचारता कुणी डॉक्टर गोळी लिहून देऊ लागला तर आपण त्याला काय म्हणू? माझा त्या दुपारचा सल्ला अगदी तसाच होता. आणि मामा डॉक्टर असल्यामुळे तो सगळ्यांनी प्रमाण मानला. (सिनेमाचे नाव मुद्दाम देत नाही. दोष त्याचा नव्हता. तो कुणासाठी आहे हे न बघता लावणाऱ्यांचा होता.)

भाचीचा मुलगा तेव्हा साडेसहा वर्षांचा. त्याचे खरे नाव बाजूला ठेवू, आपण त्याला सोनू म्हणू. सिनेमा चालू असताना सोनू रडला नाही, उठून गेला नाही. आईच्या पदराचे टोक तोंडात धरून शेवटपर्यंत बघत बसला. "किती शहाणं लेकरू आहे," असे कुणीतरी म्हणालेसुद्धा.

त्या रात्रीपासून तो एकटा झोपेना. नांदेडला परतल्यावर संडासला जायचे तर दार उघडे ठेवून, आईला बाहेर उभी करून जाऊ लागला. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली आणि रोज सकाळी पोटात दुखू लागले. दोन वर्षे कोरडे असलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले. वडील रागावले, "एवढा घोडा झाला आणि..." त्याच्या आजीने, म्हणजे भाचीच्या सासूबाईंनी, "लेकराला बाहेरचं काही लागलं असंल, कुठं दाखवा तरी," असा धोशा लावला.

मला मात्र हे कुणीही सांगितले नाही. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के नांदेडलाही जाणवले, हे वाचकांना आठवत असेल. भांडी हलली, माणसे बाहेर आली. सोनू कॉटखाली शिरला आणि "ते आलं, ते आलं" म्हणून किंचाळत राहिला. तासाभराने भाचीचा फोन आला. मी विचारले, "अगं, दोन महिने झाले, मग आधी का नाही सांगितलंस?" ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, "मामा, तुम्हीच चालेल म्हणाला होतात. मग कसं सांगायचं?"

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहे.

लहान मुलाला काय दिसते?

पालकहो, आपली मोठी चूक इथे होते की पडद्यावर जे आपल्याला दिसते तेच मुलालाही दिसते, असे आपण धरून चालतो. तसे नसते.

दोन-अडीच वर्षांच्या आतील बाळाला गोष्ट कळतच नाही. त्याला घाबरवतो तो आवाज, अंधार आणि आईचा ताणलेला चेहरा.

साधारण तीन ते सात या वयात मूल डोळ्यांनी विचार करते. जे भयंकर दिसते ते भयंकर, मग ते मनाने कितीही चांगले असो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअन कँटर यांनी मुले आणि पडद्यावरील भीती या विषयावर अनेक वर्षे काम केले. 'द इन्क्रेडिबल हल्क' या जुन्या मालिकेतील नायक रागावला की हिरवा राक्षस बनतो आणि संकटातल्या माणसांना वाचवतो. मोठ्यांच्या दृष्टीने तो तारणहार. पण लहान मुलांच्या पालकांना विचारले तेव्हा, मुलांना घाबरवणाऱ्या कार्यक्रमांत याच मालिकेचे नाव वारंवार आले. कारण ओळखीचा माणूस डोळ्यांदेखत बदलतो, ही गोष्टच त्या वयाला सहन होत नाही. तुमच्या सिनेमातील भूत शेवटी 'चांगले निघते' म्हणून पाच वर्षांच्या मुलाला दिलासा मिळत नाही. त्याच्या मनात शेवट राहत नाही, चेहरा राहतो.

सात-आठ वर्षांनंतर 'हे खरे, हे खोटे' ही फोड हळूहळू पक्की होते. पण आता भीतीचा पत्ता बदलतो. राक्षसाची भीती कमी होते आणि 'हे माझ्या घरात घडू शकेल' अशा गोष्टींची वाढते. आई मरणे, चोर येणे, कुणी पळवून नेणे, आग, अपघात. नऊ वर्षांचा मुलगा चेटकिणीला हसेल, पण सिनेमातील आई जळून मेली तर तो रात्री स्वयंपाकघरात येऊन गॅस बंद आहे का ते बघेल.

"अरे, ते खोटं असतं!" हे आपण सारेच म्हणतो. त्यावरही कँटर यांनी प्रयोग केलेला आहे. चेटकिणीचा प्रसंग दाखवण्याआधी मुलांना बजावले की हे खरे नाही. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची भीती त्यामुळे कमी झाली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. लहान मुलाला समजूत नको असते, मांडी हवी असते.

कँटर आणि त्यांच्या सहकारी हॅरिसन यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी किंवा किशोरवयात एखाद्या सिनेमाने वा कार्यक्रमाने आपण फार घाबरलो होतो, असे सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. त्या भीतीचा काही अंश अजूनही शिल्लक आहे, असे सांगणारे साधारण चौथा हिस्सा होते. तेव्हा "आम्ही नाही का बघितले?" या माझ्या प्रश्नाला खरे उत्तर असे आहे की, हो, बघितले, आणि आपल्यातल्या पुष्कळांना रात्री परसाकडे जाताना अजूनही मागे वळून बघावेसे वाटते.

आजीची गोष्ट आणि पडद्यावरचे भूत

कुणी म्हणेल, डॉक्टर, आपल्याकडे भुतांच्या गोष्टी काय आजच्या आहेत? पाराच्या पिंपळावरचा मुंजा, रानातला चकवा, विहिरीवरची हडळ ऐकतच आपण वाढलो.

अगदी खरे. पण फरक बघा. आजी गोष्ट सांगते तेव्हा लेकरू तिच्या गोधडीत असते. भूत किती मोठे, किती काळे, हे मूल आपल्या मनाने ठरवते आणि झेपेल तेवढेच ठरवते. लेकरू घट्ट बिलगले की आजीला कळते, ती भुताला लगेच म्हातारे करते, त्याचे दात पाडते. पडदा हे करीत नाही. तिथले भूत दुसऱ्या कुणीतरी, मोठ्यांना दचकवण्यासाठी बनवलेले असते. शिवाय आवाज! भीतीचा निम्मा कारभार आवाजावर चालतो. अचानक मोठा आवाज झाला की छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात कालवते. ही शरीराची जुनी सवय आहे, तिला सिनेमा आणि वाघ यांतला फरक कळत नाही. प्रत्यय घ्यायचा असेल तर घरी एखादा भीतीचा प्रसंग आवाज बंद करून बघा.

सगळी भीती वाईट नव्हे

म्हणून मुलांना भीती दाखवूच नये, असे मी म्हणत नाही. थोडीशी भीती, जवळ आपले माणूस आणि शेवटी सुटका, हे मुलांना हवेच असते. लपाछपीत दुसरे काय असते?

रत्नाकर मतकरींचे उदाहरण घ्या. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चिंची चेटकीण मराठी मुलांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये ते नाटक नव्या संचात आले तेव्हा वैभव मांगले यांनी ती चेटकीण साकारली. चिंची घाबरवते, पण तिच्यावर हसताही येते, आणि समोर नाटक चालले आहे हे मुलाला दिसत असते. याच मतकरींनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथाही लिहिल्या. एकाच लेखणीतून दोन्ही उतरले, पण कुणासाठी काय याची त्यांनी गल्लत केली नाही. गल्लत आपण करतो.

'मकडी' हा विशाल भारद्वाज यांचा २००२ मधला पहिला चित्रपट मुलांसाठीच होता. पडक्या वाड्यातली चेटकीण माणसांची जनावरे करते, असे त्यातले गाव मानते. शबाना आझमी यांनी ती भूमिका केली. एक लहान मुलगी तिला सामोरी जाते आणि शेवटी चेटकिणीचे बिंग फुटते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे चांगले मानवते, कारण इथे मूलच जिंकते आणि भीतीचे कारण उलगडते. पाच वर्षांच्या मुलासाठी मात्र मी थांबेन.

१९९३ मध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्याचा तात्या विंचू झाला, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी पोट धरून हसवले. आज चाळिशीत असलेल्या अनेकांचा तो आवडता सिनेमा. पण त्यांच्यातलेच काही जण माझ्या दवाखान्यात गप्पांच्या ओघात सांगतात की त्यानंतर घरातली बाहुली कपाटात कोंडून ठेवल्याशिवाय झोप येत नसे. हसणे आणि घाबरणे एकाच वेळी घडू शकते. विनोद असला की भीती जाते, हा आपला समज आहे.

जून २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' आला. कोकणातली गोष्ट, पिंपळाचे झाड, भरपूर विनोद, यू/ए प्रमाणपत्र. घरेच्या घरे बघायला गेली. पण त्यातले भूत म्हणजे एक मेलेला मुलगा आहे, आणि पिंपळ तर प्रत्येक गावात आहे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा यावर मित्रांशी चर्चा करील. सहा वर्षांच्या मुलाला मात्र रोज शाळेत त्या पिंपळाखालून जायचे असते.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला. त्यात लहान मुले आहेत, म्हातारी आहे, खजिना आहे. कुणी गोष्ट सांगितली तर ती आजीच्या गोष्टीसारखीच वाटेल. पण त्याला 'ए' प्रमाणपत्र आहे आणि ते योग्यच आहे. सिनेमात मूल आहे म्हणून सिनेमा मुलांचा होत नाही.

प्रमाणपत्र वाचायला शिका

सिनेमा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर येणारे प्रमाणपत्र आपण कधी वाचतो का? १९५२ च्या कायद्याने आधी 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असे दोनच प्रकार होते. १९८३ मध्ये मधला 'यूए' आला. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये अमेरिकेतही असाच पेच पडला. 'ग्रेमलिन्स' हा चित्रपट गोंडस प्राण्याचा म्हणून पालक लहान मुलांना घेऊन गेले आणि आतली हिंसा बघून संतापले. त्या तक्रारींतूनच तिथे तेरा वर्षांची नवी पायरी तयार झाली.

आपल्याकडे २०२३ मध्ये कायदा दुरुस्त होऊन यूएचे तीन भाग झाले: ७ अधिक, १३ अधिक आणि १६ अधिक. ही चांगली सोय आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'ए' सिनेमाला अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशच नसतो. यूएचे तसे नाही. तिथे दारावर कुणी अडवत नाही. तो आकडा पालकांसाठी सूचना आहे, निर्णय तुमचा. दुसरे असे की तो आकडा वयाचा आहे, तुमच्या लेकराच्या स्वभावाचा नाही. एकाच घरातला एक मुलगा आठव्या वर्षी बिनधास्त असतो, दुसरा दहाव्या वर्षीही विजेच्या कडकडाटाला कान झाकतो. दोघेही नॉर्मल.

घरच्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर दिसणाऱ्या ओटीटी कार्यक्रमांनाही २०२१ पासून असेच वयाचे आकडे द्यावे लागतात आणि १३ अधिक व त्यावरील कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ते कुलूप आपल्यापैकी किती जणांनी लावले आहे?

निर्णय कसा घ्यावा?

माझ्या चुकीतून शिकून मी आता विचारणाऱ्या पालकांना हे सांगतो:

१) आधी स्वतः बघा. ते जमत नसेल तर बघून आलेल्या, घरात लहान मूल असलेल्या माणसाला विचारा. कॉलेजच्या पोराला विचारू नका.

२) सगळ्यांत लहान मुलाचे वय धरून ठरवा. घरात दहा मुले असतील आणि एक पाच वर्षांचे असेल तर त्याच्यासाठी दुसऱ्या खोलीत वेगळी सोय करा. "एकटंच कुठं बसवायचं?" म्हणून त्याला आत ओढू नका.

३) चार गोष्टी विचारा: कुणाचे रूप डोळ्यांदेखत बदलते का? आई-वडील मरतात किंवा हरवतात का? लहान मुलाला इजा होते का? भीती घरातल्या रोजच्या वस्तूंत किंवा जागेत आहे का, म्हणजे बाहुली, आरसा, कॉटखालची जागा, न्हाणीघर? दोन उत्तरे 'हो' आली तर आठ वर्षांखालील मुलाला नको.

४) घरात नुकतेच काय घडले ते आठवा. आजोबा वारले, आई दवाखान्यात होती, गाव बदलले, नवे बाळ आले, अशा वेळी मूल आधीच हळवे असते. त्या महिन्यात भीतीचा सिनेमा नकोच.

५) दिवसा बघा, दिवे चालू ठेवून. रात्री झोपण्यापूर्वी नको.

६) उठून जाण्याची परवानगी आधीच द्या. टॉकीजमध्ये कडेच्या खुर्च्या घ्या. तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून रडणाऱ्या लेकराला बसवून ठेवू नका. तिकिटापेक्षा नंतरच्या रात्री महाग पडतात.

७) गप्प बसलेले मूल धीट आहे, असे समजू नका. त्याच्या हाताला हात लावून बघा. गार असेल, मुठी आवळल्या असतील, कपडा तोंडात धरला असेल, तर ते घाबरलेले आहे. सोनूचा पदर मला दिसायला हवा होता.

घाबरलेच तर काय करावे?

मी वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून इंटर्नशिप करीत होतो तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. गणेश विसर्जन करून झोपलेल्या किल्लारी परिसरात ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, हजारो माणसे दगडमातीखाली गेली. मदतीच्या पथकाबरोबर मीही गेलो होतो. जखमा शिवण्याचे शिक्षण मला होते. पण पत्र्याच्या निवाऱ्यात पाय न ठेवणारी, थोडा आवाज झाला की पळत सुटणारी, बोलणेच बंद केलेली लेकरे समोर आली तेव्हा काय करायचे ते कुठल्या पुस्तकात वाचलेले आठवेना. एक म्हातारी मात्र शेजारच्यांची तीन लेकरे दोन्ही बाजूंनी कवटाळून बसलेली असायची. काही बोलत नसे, नुसती पाठीवरून हात फिरवायची. तिच्याजवळची लेकरे झोपायची. त्या वेळी मला ते औषध वाटले नव्हते.

सिनेमाची भीती आणि भूकंपाची भीती यांची बरोबरी होऊच शकत नाही. पण उपचाराची पहिली पायरी तीच आहे. लहान मुलाला जवळ घ्या, पाणी किंवा दूध द्या, दिवा लावा. काही रात्री जवळ झोपवा. त्याने मूल बिघडत नाही. नंतर अंथरूण हळूहळू लांब न्या. मोठ्या मुलाशी बोला, पडद्यावरचे भूत कसे तयार करतात ते सांगा, चित्र काढायला लावा.

चिडवू नका. "भित्रा भागूबाई" हे शब्द भीती घालवत नाहीत, फक्त ती सांगणे बंद करतात. धीट करण्यासाठी अंधारात कोंडू नका. ओल्या अंथरुणावरून मारू नका, चारचौघांत बोलू नका.

रात्री उठणारी मुले दोन प्रकारची असतात. भीतीदायक स्वप्न बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडते. मूल पूर्ण जागे होते, काय दिसले ते सांगते, जवळ घेतले की शांत होते. दुसरा प्रकार झोपेतल्या किंकाळीचा. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मूल ओरडत उठून बसते, डोळे उघडे असतात पण आईला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. घरच्यांना हे 'झपाटल्यासारखे' वाटते. हा झोपेतला बिघाड आहे, बाधा नव्हे. अशा वेळी हलवून जागे करू नका, फक्त लागणार नाही एवढे बघा; बहुतेक मुलांत वय वाढले की हे थांबते.

इथेच घरातल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती. आजीने मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली तर मी कधी अडवत नाही. त्या हातात माया असते. पण 'उतरवण्यासाठी' लेकराला कुणाकडे नेऊन मारणे, बांधणे, मिरचीची धुरी देणे हे सरळसरळ अत्याचार आहेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. भुताला घाबरलेल्या मुलाला तिथे नेले तर भूत खरेच आहे, असे मोठ्यांनीच त्याला सांगितल्यासारखे होते.

डॉक्टरकडे केव्हा जावे? भीती महिनाभर टिकली, शाळा बुडू लागली, जेवण सुटले, कोरडे झालेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले, किंवा मूल गप्प गप्प राहू लागले, तर लगेच. सगळे सिनेमावर ढकलू नका. पुन्हा सुरू झालेल्या अंथरूण भिजण्यामागे लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो, क्वचित मधुमेहही. साधी लघवीची तपासणी करून घ्या. सकाळच्या पोटदुखीमागे शाळेतला त्रासही असू शकतो. आणि मूल एका विशिष्ट माणसाला, विशिष्ट खोलीला घाबरत असेल तर सिनेमा विसरा आणि त्याचे नीट ऐकून घ्या. गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

सोनूचे पुढे काय झाले?

फोन आला त्याच दिवशी दुपारी मी भाचीकडे गेलो. लघवी तपासून घेतली, ठीक होती. मग सोनूजवळ बसलो आणि त्याला म्हणालो, "बाळा, सकाळी जमीन हलली तेव्हा मीही घाबरलो. ते भूत नव्हतं, भूकंप होता. आणि तो सिनेमा लावायला मीच हो म्हटलं होतं. चूक माझी होती." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "डॉक्टरआजोबा, मग तुम्ही पण रात्री उठता का?" मी म्हणालो, "कधी कधी उठतो." तेवढ्यावर तो थोडा हसला.

औषध काही दिले नाही. खोलीत छोटा दिवा लागला. बाबांनी रागावणे सोडले आणि रात्री संडासपर्यंत सोबत जाऊ लागले. आधी दारापर्यंत, मग अर्ध्या वाटेपर्यंत, मग नुसते खोलीतून आवाज देऊ लागले. आजीचा धोशा थांबायला वेळ लागला, पण "रातच्याला त्याला तुमच्याजवळ घ्या, आजी, तुमचाच गुण येईल," असे सांगितल्यावर त्यांनी ते काम मनावर घेतले. सोनूने त्या भुताची बरीच चित्रे काढली. पहिल्या चित्रात ते पानभर होते. पोळ्यापर्यंत अंथरूण कोरडे राहू लागले. दिवा मात्र दिवाळीनंतरही बरेच दिवस चालू होता.

यंदाच्या सुट्टीत भाचीचा पुन्हा फोन आला. मुलांना एक सिनेमा बघायचा आहे, भुताचा. "मामा, चालेल का?"

"तीन तास दे," मी म्हणालो. "आधी मी बघतो."